शिंपला म्हणजे गरिबाचं सोनं? अहो, उलटं होतं ते!

संपादक साहेब,

नमस्कार.

मागच्या रविवारी तुमच्या पुरवणीत जगातल्या जुन्या दागिन्यांवर एक पूर्ण पान होतं. पान चांगलं होतं, फोटोही मोठे, मी सकाळच्या चहासोबत वाचत बसले आणि शेवटच्या चौकटीवर आले तर चहा तसाच राहून गेला. चौकट दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज डोंगरातल्या जुन्या लोकांवर होती आणि तिच्यात लिहिलं होतं की तिथल्या सामान्य लोकांना सोनं परवडायचं नाही म्हणून ते शिंपल्याचे दागिने घालायचे, म्हणजे शिंपला हे तिथलं गरिबाचं सोनं. वर एका लालसर माळेचा फोटो आणि त्याखाली ओळ, 'मोत्यांची माळ'. दोन्ही गोष्टी चुकल्या साहेब. दुसरी छपाईत होऊ शकते, समजू शकते मी, पण पहिली चूक साधी नाही, ती अख्खी गोष्टच उलटी करून टाकते.

मी काही प्रोफेसर नाही. आमचं घर नागपुरातल्या महाल भागातलं, सासऱ्यांचं काम पटवेकरीचं, इतवारीच्या सराफ्यातून डोरली, वाट्या, पुतळ्या, मणी यायचे आणि आमच्याकडे ते रेशमात गाठवून परत जायचे. लग्न होऊन आले तेव्हापासून चाळीस वर्षं मी पण तेच केलं, आता डोळे साथ देत नाहीत म्हणून बंद आहे. माझी भाची युनिव्हर्सिटीत आर्किऑलॉजीचं एमए करून राहिली, ती पुस्तकं आणते, फोटो दाखवते, आणि मण्यांचा विषय निघाला की मला बोलावल्याशिवाय तिला करमत नाही. तर हे जे लिहून राहिले ते अर्धं तिच्याकडून ऐकलेलं, तिच्याच पुस्तकात तपासलेलं, आणि अर्धं हातातल्या कामावरून समजलेलं.

आधी तो शिंपला कोणता ते सांगते, कारण तुमच्या चौकटीत नुसतं 'शिंपले' एवढंच आहे. आपण चौपाटीवरून पोरांसाठी वेचून आणतो तसला तो नाही. त्याला स्पाँडिलस म्हणतात, तिथल्या केचुआ भाषेत मुल्लू. बाहेरून सगळा काट्याकाट्यांचा, समुद्रात असतो तेव्हा त्याच्यावर शेवाळ नि काय काय चढलेलं, पाहणाऱ्याला दगडच वाटावा. पण घासून काढला की लाल, नारिंगी, एका जातीत जांभळा रंग निघतो. आणि तो रंग सगळीकडे नसतो बरं, आतला जाड भाग पांढरा असतो, रंग वरच्या थरात आणि काठाच्या पट्ट्यात. म्हणजे लाल मणी पाहिजे तर शिंपल्याचा तेवढाच भाग कामाचा, बाकी घट. सराफ्यात ज्यांनी आयुष्य काढलं त्यांना घट म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको.

आता मुख्य मुद्दा. हा शिंपला पेरूच्या किनाऱ्यावर, अगदी उत्तरेचं टोक सोडलं तर, होतच नाही. तिथून थंड पाण्याचा हम्बोल्ट प्रवाह जातो आणि याला लागतं कोमट पाणी, ते वर इक्वाडोरच्या किनाऱ्याला, तिथून पुढे मेक्सिकोपर्यंत. ज्यांना तो सगळ्यात जास्त पाहिजे होता ते लोक मात्र पेरूच्या वाळवंटी किनाऱ्यावर, नाहीतर वर डोंगरात. आपण झिरो माईलवाले, समुद्र कुठल्याही बाजूला शेकडो कोस, तेव्हा आपल्याला हे लवकर समजायला पाहिजे. चाव्हिन दे उआंतार म्हणून एक जुनं देवस्थान आहे, समुद्रसपाटीपासून तीन हजार मीटरच्या वर, जवळजवळ तीन हजार वर्षांपूर्वीचं. तिथल्या एका कोरीव दगडात देवाच्या एका हातात हा काटेरी शिंपला आहे आणि दुसऱ्या हातात शंख. समुद्राच्या या दोन वस्तू आल्या कुठून, तर इक्वाडोरकडून, हजारेक किलोमीटरवरून, मधे डोंगर आणि वाळवंट. आणि तिकडे चाकाची गाडी नव्हती, घोडा नव्हता, बैल नव्हता. समुद्रात तराफा, जमिनीवर माणसाची पाठ नाहीतर लामा, तो तिकडचा उंटाच्या जातीचा छोटा प्राणी. आणि लामा काही बैल नव्हे, पंचवीस-तीस किलो लादले की झालं.

२००१ मधे त्याच चाव्हिनला जॉन रिक या पुरातत्त्ववाल्यांच्या टीमला एका भूमिगत दालनात वीस शंख सापडले, वाजवायचे शंख, टोक कापलेले, वर नक्षी कोरलेली, आणि धरून धरून गुळगुळीत झालेले. त्यातले काही नंतर वाजवून, आवाज रेकॉर्ड करून अभ्यास झाला. वाजले! तिकडे त्याला पुतुतु म्हणतात. मला तर हे वाचून आपल्या देवघरातल्या शंखाची आठवण आली, सासूबाई तो कोणाला हात लावू द्यायच्या नाहीत, पोरांनी फुंकला की ओरडायच्या. अंधाऱ्या बोळात उभे केलेले भाविक आणि कुठून येतो ते न दिसणारा आवाज, आणि वाजवायचा मान मोजक्याच लोकांचा, असं काहीसं तिथे असावं असा अभ्यासकांचा अंदाज आहे.

पण मी दागिन्यांचं बोलत होते. तुमच्या चौकटीतल्या 'सामान्य लोकांना' याच्यावर येते.

पेरूच्या किनाऱ्यावर आस्पेरो नावाची जागा आहे, कराल संस्कृतीतलं मासेमारीचं गाव. २०१६ मधे तिथे एका बाईची समाधी जाहीर झाली, साडेचार हजार वर्षं जुनी. वय चाळीस-पन्नासच्या मधलं. तिच्यासोबत हाडाच्या चार कोरीव टाचण्या होत्या, शाल अडकवायच्या, त्याला तुपू म्हणतात, म्हणून तिचं नावच पडलं चार तुपूंची बाई. आणि गळ्यात? शिंपल्याच्या मण्यांची माळ आणि त्यात स्पाँडिलसचं पदक. ही बाई मोठ्या घरची होती असं खोदणाऱ्यांनी ठरवलं ते याच वस्तूंवरून. साडेचार हजार वर्षांपूर्वी तिथे सोन्याचे ढीग नव्हतेच, तेव्हा 'सोनं परवडत नव्हतं म्हणून' हा प्रश्नच कुठून आला?

बरं, म्हणाल नंतर सोनं आलं तेव्हा शिंपला खाली गेला असेल. मलाही पहिले तसंच वाटलं. तर सिपानचं पाहा. १९८७ मधे उत्तर पेरूत चिक्लायो गावाजवळ आधी चोरांनी एक थडगं फोडलं, माल बाजारात आला, पोलिसांनी धाड टाकली आणि वॉल्टर आल्वा या पुरातत्त्ववाल्यांना बोलावलं, मग त्यांनी शेजारी खोदलं तर मोचे नावाच्या तिथल्या जुन्या लोकांच्या एका राजाचं अख्खं थडगं न फोडलेलं निघालं. सिपानचा स्वामी. सुमारे सतराशे वर्षांपूर्वीचा. सोनं किती म्हणाल तर भुईमुगाच्या शेंगांची माळ होती त्याच्या गळ्यात, दहा शेंगा सोन्याच्या, दहा चांदीच्या, उजवीकडे सोनं नि डावीकडे चांदी. सोन्यात पिरोजा बसवलेल्या कानातल्या चकत्या. म्हणजे हा माणूस सोन्याला मोताद नव्हता हे तर दिसूनच राहिलं ना. आणि त्याच माणसाच्या छातीवर, खांद्यावर पसरलेल्या झालरी कशाच्या, तर शिंपल्याच्या मण्यांच्या, एकीवर एक, हजारो मणी, लाल पांढरे पट्टे जुळवलेले. दोरे केव्हाचेच कुजून गेलेले, मणी मात्र जिथले तिथे, आणि ते क्रम न मोडता उचलायचं काम त्या लोकांनी केलं.

हा भाग वाचला तेव्हा मी पुस्तक मिटून बसले होते थोडा वेळ. माझ्या हातून एकदा एका गिऱ्हाइकाच्या आजीची बोरमाळ सुटली होती, रेशीम कुजलेलं, हात लावला की गळलं, पन्नासेक मणी सतरंजीवर. पन्नासच. तर ते क्रमाने लावायला दुपार गेली आणि तरी ती म्हणाली, दोन उलटे लागले. हजारो मणी मातीत असे पडले असताना त्यांची ओळ जुळवणं म्हणजे काय ते पटव्यालाच समजेल, असं मी भाचीला म्हटलं तर ती हसली, म्हणे आत्या तुला तिकडे नोकरी लागली असती.

आणि मणी कसे करायचे त्याचं पण सांगते, कारण स्टेटसची अर्धी गोष्ट तिथेच आहे. स्पॅनिश लोक या मण्यांना चाकिरा म्हणायचे. काही तर दोन मिलिमीटरच्या आतबाहेर. मोहरीचा दाणा समजा. शिंपल्याचा तुकडा तोडायचा, घासून चपटा करायचा, दगडाच्या बारीक टोकाने भोक पाडायचं, मग दोऱ्यात ओवून सगळी माळच्या माळ दगडावर फिरवून गोल करायची. आपल्याकडे माहुरझरीला, नागपूरपासून पंधरा-वीस किलोमीटरवर, लोहयुगात अकीक नि कार्नेलियनचे मणी व्हायचे, तिथे शेतात अजून दगडांची वर्तुळं उभी आहेत, जुनापाणीला पण आहेत काटोल रोडवर. दगडाचा मणी आणि शिंपल्याचा मणी यात फरक हा की शिंपला थरांचा असतो, भोक पाडताना कडेचा थर उडतो. हे मी पुस्तकातून नाही सांगून राहिले. भाचीने मला गोव्याहून आणलेले दोन साधे शिंपले दिले, मी आमच्या जुन्या सामत्याने भोक पाडून पाहिलं, चारपैकी तीन तुकडे फुटले. आणि माझ्याकडे तर लोखंडाचं टोक आहे!

एका माळेमागे किती माणसांचे किती महिने गेले असतील, ते पाहणाऱ्याला न सांगता समजत असेल. राजाच्या छातीवर ती झालर पाहिली की लोकांना इक्वाडोरचा समुद्र दिसत नसेल कदाचित, पण एवढे हात याच्या हुकमात आहेत हे नक्की दिसत असेल.

पाणबुड्यांचं राहिलंच. मुल्लू उथळ पाण्यात हात घालून काढायची वस्तू नाही, लाल जातीचा तर बराच खोल, वीस मीटर नि त्याच्या खाली. वीस मीटर म्हणजे सहा-सात मजले. ना नळकांडं, ना चष्मा, कमरेला दोर, श्वास कोंडून खाली जायचं, खडकावरून शिंपला सोडवायचा आणि वर यायचं. हे आपण कल्पनेने नाही म्हणत, उत्तर पेरूतल्या जुन्या लोकांच्या कानातल्या सोन्या-चांदीच्या चकत्यांवर हेच चित्र कोरलेलं आहे, वर तराफा, खाली दोर बांधलेली माणसं, हातात शिंपले. विचार करा साहेब, सोन्याच्या दागिन्यावर शिंपला काढणाऱ्याचं चित्र. म्हणजे सोन्याच्या नजरेतसुद्धा मान कोणाचा?

उत्तर पेरूतल्याच लांबायेकेची एक दंतकथा आहे, १५८६ मधे एका स्पॅनिश पाद्र्याने, मिगेल काबेयो बाल्बोआने, लिहून ठेवलेली. नायम्लाप नावाचा राजा समुद्रातून तराफ्यांचा ताफा घेऊन आला, सोबत राणी, आणि दरबारातली माणसं, प्रत्येकाचं काम वेगळं. एक शंख वाजवणारा. एक पालखी-सिंहासन सांभाळणारा. एक पेयं पाहणारा. आणि एक फोंगा सिग्दे म्हणून होता, त्याचं काम एवढंच की राजा जिथे पाय टाकणार तिथे आधी जाऊन शिंपल्याची भुकटी पसरायची. जमिनीवर! आपण फुलांच्या पायघड्या घालतो, लग्नात नवरदेवाला घातल्या होत्या आमच्याकडे पण. पण त्यासाठी दरबारी पद ठेवणं, आणि समुद्राच्या तळाशी जीव धोक्यात घालून काढलेली वस्तू कुटून पायाखाली टाकणं, याला गरिबाचं सोनं कसं म्हणायचं? दंतकथा खरी असो का खोटी, ज्यांनी ती सांगितली त्यांच्या डोक्यात राजेपणाची खूण काय होती ते त्यात आलं.

आता माझा सगळ्यात आवडता पुरावा. साधारण १५२६ सालची गोष्ट, स्पॅनिश सरदार पिझारोने तिथलं इंका राज्य घेतलं त्याच्या सहा वर्षं आधीची. त्याचा खलाशी बार्तोलोमे रुइस इक्वाडोरच्या किनाऱ्याने जाऊन राहिला होता तर समोरून एक मोठा तराफा आला, बाल्सा लाकडाचा, चांगलं सुती शीड लावलेला, वर वीसएक माणसं. स्पॅनिश लोकांनी तो धरला आणि मालाची यादी लिहिली, ती यादी आजही वाचायला मिळते. चांदीचे नि सोन्याचे दागिने, मुकुट, पट्टे, रंगीत लोकरीचे नि सुती भरलेले कपडे, आरसे, सोनं तोलायचे छोटे काटे. आणि पुढे लिहिलं आहे की हे सगळं ते लोक कशाच्या बदल्यात द्यायला निघाले, तर पोवळ्यासारख्या लाल नि पांढऱ्या रंगाच्या समुद्री शिंपल्यांच्या, ज्यांचे ते मणी करतात.

म्हणजे सोनं द्यायचं आणि शिंपला घ्यायचा. आज इतवारीत तोळा लाखाच्या पार गेलेला असताना कोणी दुकानात येऊन म्हणालं की हे पाटल्या-बांगड्या ठेवा आणि मला त्या बदल्यात शिंपले द्या, तर शेठ आधी पाणी पाजेल आणि मग घरच्यांना फोन लावेल. ते स्पॅनिश लोकही असेच चक्रावले असणार. ते ज्याच्यासाठी समुद्र ओलांडून आले ते सोनं या तराफ्यावर नुसतं मोबदला होतं. (तो काटा मला फार आवडला. म्हणजे सोन्याची किंमत त्यांना समजत नव्हती असंही म्हणता येत नाही, तोलूनच देत होते.)

पण इथे मी थोडं आवरतं घेते, नाहीतर मीही तुमच्यासारखीच एका ओळीत सगळं उरकून टाकीन. 'मुल्लू सोन्यापेक्षा महाग' असं लोक इंटरनेटवर फार सोपं करून लिहितात. महाग हा शब्दच जरा आपल्या बाजारातला आहे. मुल्लू नुसता दागिना नव्हता, तो देवाचं खाणं होता. वारोचिरी म्हणून डोंगरी भाग आहे लिमाच्या वर, तिथल्या लोकांच्या देवकथा १६०८ च्या आसपास केचुआमधे लिहून ठेवल्या गेल्या. त्यात एक देव आहे माकाविसा, त्याने इंका राजाला बंडखोरांविरुद्ध मदत केली, राजा खूश होऊन जेवण वाढायला लागला तर देव म्हणे मी असलं खात नाही, मुल्लू आण. आणि आणून दिला तर दाताखाली कुरुमकुरुम चावून खाल्ला, मूळ भाषेत तर त्या चावण्याचा आवाजसुद्धा लिहिला आहे, काप काप असा. मला हे इतकं गोड वाटलं. आमचा गणपती मोदक मागतो, त्यांचा शिंपला.

आणि हे असं का, तर पाणी. सोळाव्या शतकातल्या स्पॅनिश नोंदींत आहे की लोक झऱ्यांना शिंपले वाहायचे, अख्खे, तुकडे, नाहीतर कुटून भुकटी, कारण शिंपले समुद्राच्या लेकी आणि समुद्र सगळ्या पाण्यांची आई. पाऊस पाहिजे, झरा आटू नये, तर पाण्याला त्याच्या माहेरचं काहीतरी द्या. काही अभ्यासक याच्यात एल निनोचा पण संबंध पाहतात, त्या वर्षी कोमट पाणी खाली पेरूकडे सरकतं, आणि तिथल्या कोरड्या किनाऱ्यावर मुसळधार पाऊस होतो, तर लाल शिंपला म्हणजे पावसाची वर्दी. आपल्याकडे एल निनो म्हटलं की विदर्भातल्या शेतकऱ्याच्या पोटात गोळा येतो, पाऊस कमी म्हणून, आणि तिकडे त्याच एल निनोत गावं वाहून जातात. मृग कोरडा गेला की आपली पोरं कडुलिंबाचा पाला बांधून धोंडी धोंडी पाणी दे करत दारोदारी फिरायची, आम्ही तांब्याने पाणी ओतायचो त्यांच्यावर. त्यामुळे झऱ्यात शिंपल्याची भुकटी टाकणारी बाई मला काही परकी वाटत नाही.

याच्यावरून तुम्ही म्हणू शकता, मग सामान्य लोकांकडेही होताच ना शिंपला? चिमूटभर, देवाला वाहायला, हो. अंगावर घालायला, छातीभर मिरवायला, मूर्ती करायला, तो वेगळा हिशोब. इंका राज्यात मोठ्या प्रसंगी डोंगरशिखरावर निवडलेली मुलं बळी दिली जायची, हे लिहितानाही जीव घाबरा होतो. १९९९ मधे योहान राइनहार्ड यांच्या टीमला अर्जेंटिनात युयायाको शिखरावर, ६,७३९ मीटर उंचीवर, अशी तीन मुलं सापडली, थंडीने जशीच्या तशी. त्यांच्यासोबत छोट्या छोट्या बाहुल्या होत्या, बोटभर, कपडे नि पिसं घातलेल्या. सोन्याच्या, चांदीच्या आणि स्पाँडिलसच्या. तिन्ही एका पंगतीत. इक्वाडोरच्या समुद्रापासून ही जागा अडीच हजार किलोमीटरच्याही पलीकडे. आणि तितिकाका सरोवराच्या तळाशी दगडाची एक पेटी सापडल्याचं २०२० मधे जाहीर झालं, झाकण लावलेली, आत एक स्पाँडिलसचा छोटा लामा आणि सोन्याच्या पत्र्याची गुंडाळी. पाण्याला दिलेलं दान, चारशे-पाचशे वर्षं कोणी हात न लावलेलं.

आता खरं सांगू का, तुमच्या लेखकाची चूक झाली ती कुठून झाली ते मला समजतं. ती आपल्या भाषेतूनच झाली. आपल्याला शिंपला-कवडी म्हटलं की फुकट. फुटकी कवडी नाही, कवडीमोल भावाने कापूस गेला, कवडीचुंबक कुठला. कवड्या मालदीवहून जहाजं भरभरून यायच्या, बंगाल-ओडिशात नाणं म्हणून चालायच्या, आणि सगळ्यात खालचं नाणं म्हणून आपल्या तोंडात ती शिवी होऊन बसली. मग अँडीजमधला माणूस गळ्यात शिंपला घालून दिसला की हात आपोआप 'गरीब' लिहितो.

पण त्याच आपल्या घरात दुसरी कवडी पण आहे ना. माझ्या सासूबाईंची आई आराधी होती, तुळजाभवानीची माळ घेतलेली. कवड्यांची माळ आणि परडी. ती माळ बाजारातून आणून कोणीही गळ्यात घालत नसे, ती 'घ्यावी' लागायची, त्याचे नेम होते, आणि मंगळवारी ती घालून निघाली की रस्त्यात पाटलीणबाई सुद्धा वाकून नमस्कार करायच्या असं सासूबाई सांगायच्या. एरवी त्याच बाईला कोणी ओट्यावर बसायला सतरंजी देत नव्हतं. शिवाजी महाराजांच्या चित्रातही गळ्यात कवड्यांची माळ दाखवतातच की, तिला कोणी कवडीमोल म्हणत नाही. यवतमाळ-वाशीमकडच्या बंजारा बाया कवड्या टाकलेले कपडे घालून बर्डीवर यायच्या तेव्हा आम्ही दुकान सोडून टाके पाहायला जायचो. म्हणजे एकच कवडी, बाजारात शिवी आणि गळ्यात मान, आणि हे दोन्ही आपल्याला एकाच वेळी समजतं, फक्त दुसऱ्या देशातलं लिहिताना आपण पहिलीच आठवतो.

आणि आपल्याकडेही शंख-शिंपला नेहमी गरिबाकडेच होता असं कोणी सांगितलं? सिंधू संस्कृतीच्या लोकांचे गुजरात किनाऱ्यावर नागेश्वरला शंख कापायचे कारखाने होते, तिथला माल पार दूर हडप्पापर्यंत जायचा, बांगड्या, पळ्या. बंगालमधे लग्न झालेली बाई आजही शाखा घालते, पांढरी शंखाची बांगडी, सोन्याच्या बांगड्या असल्या तरी ती काढून नाही ठेवत.

एक शेवटची बातमी, ती तुम्ही चौकटीत घेतली असती तर बरं झालं असतं. इक्वाडोरमधे हा शिंपला अलीकडे खायला नि दागिन्यांसाठी इतका काढला गेला की २००९ मधे सरकारला काढायला बंदी घालावी लागली. आणि त्याच किनाऱ्याच्या टुरिझम रस्त्याचं नाव त्यांनी ठेवलं आहे स्पाँडिलसचा मार्ग. इंका गेले, स्पॅनिश गेले, आणि शिंपला बोर्डावर बसला.

पत्र लांबलं, मला माहीत आहे, कापा जिथे कापायचं तिथे, बोरमाळेची गोष्ट काढली तरी चालेल. माहुरझरीच्या मण्यांवर एखादं पान कराल तर आनंद होईल, अजब बंगल्यात, म्हणजे आपल्या म्युझियममधे, जाऊन या एकदा, तुमचं ऑफिस तिथून लांब नाही. पण मागच्या रविवारची दुरुस्ती मात्र नक्की छापा, दोन ओळी पुरतील, एक 'गरिबाचं सोनं' याची आणि एक फोटोची. आणि माझं हे पत्र टाईप करणाऱ्याला सांगून ठेवा, प्रूफ पाहताना कुठे 'शिंपल्याच्या माळेचं' परत 'मोत्यांची माळ' करू नका म्हणावं, तो फोटोतला मणी लाल आहे, डोळे गेले तरी एवढं दिसतं मला.

आपली जुनी वाचक,
महाल, नागपूर
(नाव छापू नये, सराफ्यातले लोक चिडवतील)